आवाज टिपण्याआधी

इंदूर-बडोद्याच्या घरांतली मराठी ध्वनिमुद्रित करायची, तर इंटरफेसच्या इनपुट चॅनलवरची तीन नियंत्रणे ओळखायला हवीत. मायक्रोफोन कंडेन्सर असेल तर गेन तळाला नेऊन ४८ व्होल्टची फँटम पॉवर चालू करा. पंख्याची घरघर येत असेल तर लो-कट लावा. मग आजींना मनसोक्त बोलू द्या, हसू द्या. त्यांच्या सर्वांत चढ्या आवाजालाही मीटर उणे १२ डेसिबलपाशी थांबेल इतकाच गेन ठेवा. यंत्रासाठी त्यांना हेल बदलायला लावू नका. २४ बिटांच्या ध्वनिमुद्रणात हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो. लाल दिवा लागून फाटलेला शब्द मात्र सांधता येत नाही. आणि तो शब्द बोलणारे माणूस पुन्हा भेटेलच असे नाही.