बाहुल्यांची मैफल

(रौप्यमहोत्सवी वर्षातील दिवाळी स्नेहमेळाव्यात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेत ३६ वर्षं काढलेल्या माणसाला वेळ आणि शिल्लक दोन्ही सांभाळायची सवय असते, तेव्हा काळजी नसावी. सभागृहाच्या कोपऱ्यात काचेच्या पेटीत बाहुल्यांची जी मैफल मांडली आहे, ती कशी उभी राहिली हे सांगायचं काम सचिवांनी माझ्यावर सोपवलं आहे.

या बाहुल्या बी विंगमधल्या आपल्या काकूंच्या. काका रेल्वेत होते. पासवर फिरताना काकूंनी साड्या कमी आणि वाद्यं वाजवणाऱ्या बाहुल्या जास्त आणल्या. तबलजी आंध्रातल्या कोंडापल्लीचा, हलक्या लाकडाचा. गायिका बंगालमधल्या कृष्णनगरची, मातीची. तानपुरेवाल्यांची जोडी जयपूरची, पेटीवाला पुण्याच्या तुळशीबागेतला आणि टाळकरी पंढरपूरचा. संक्रांतीनंतर काकू मुलाकडे नागपूरला कायमच्या राहायला चालल्या आहेत. "तिकडे जागा लहान आहे. यांना सोसायटीतच राहू द्या," असं त्या म्हणाल्या आणि सहा बाहुल्या जुन्या साडीत गुंडाळून माझ्याकडे दिल्या.

मुलं दरवर्षीप्रमाणे किल्ला करतच होती. म्हटलं, यंदा किल्ल्याच्या पायथ्याशी गाणं होऊ दे. स्टेज कोणतं करायचं यावर फार वाद झाला नाही. आपल्या नाशिकमध्ये दिवाळी पाडव्याला नेहरू चौकातल्या पिंपळपारावर पहाटेची मैफल होते. थंडीत शाल गुंडाळून, अंधारातच घर सोडून आपल्यापैकी कितीतरी जण तिथे जातात. तोच पार करायचा ठरलं. हुबेहूब करण्याचा हेतू नव्हता, बघणाऱ्याला पहाट आठवली पाहिजे एवढंच.

थर्माकोलचा प्रश्नच नव्हता. महाराष्ट्रात २०१८ पासून त्यावर बंदी आहे, आणि बरंच झालं. कुणाच्या तरी नव्या फ्रिजचं खोकं मिळालं. त्याच्या पुठ्ठ्याचे तीन थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवले की लाकडासारखी फळी होते. ३० इंच लांब आणि १८ इंच खोल असं स्टेज त्यातून निघालं. पारासाठी पुठ्ठ्याचे तुकडे दगडासारखे रचून काळपट रंगवले. पिंपळाचा बुंधा म्हणजे तार आणि सुतळी. पानं मात्र खरी लावता येईनात, कारण खरं पान त्या झाडावर ताटाएवढं दिसायचं. मग मुलींनी हिरव्या कागदाची नखाएवढी पानं कापली. शेपटीसकट, बरं का! पिंपळाच्या पानाला शेपटी नसेल तर तो पिंपळ कसला?

खरी अडचण मापांची होती. मांडी घालून बसलेला माणूस जमिनीपासून साधारण ३३ इंच भरतो. आमची गायिका ५ इंचांची आणि मागे बसायच्या तानपुरेवाल्या ८ इंचांच्या. म्हणजे गाणारी सर्वांत लहान आणि साथीदार धिप्पाड! ए विंगमधल्या आमच्या आठवीतल्या इंजिनिअरनं तोडगा काढला. त्यानं गायिकेला एक इंच उंच गादी दिली आणि चार इंच पुढे आणलं. तानपुरेवाल्यांच्या जागी स्टेजला दीड इंच खोल खाच पाडली आणि ती लोडाआड लपवली. जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान. आता सगळ्या जणी एका मापाच्या वाटतात.

तानपुऱ्याच्या तारा तुटल्या होत्या. तिथे शिवणाचा दोरा लावला, मोजून चार. मुलांनी विचारलं, चारच का? म्हणून सांगितलं : पहिली तार पंचमाची, काही रागांत मध्यमाची. मधल्या दोन षड्जाच्या, तिला जोड म्हणतात. शेवटची खर्जाची. हे वाद्य करण्यात आपलं मिरज पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेलं आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

सगळं मांडून झालं, दिवे लागले, तरी काहीतरी चुकत होतं. बाहुल्या छान, स्टेज छान, पण ते दुकानाच्या फळीसारखं दिसत होतं. तेवढ्यात काकू काठी टेकत खाली आल्या. दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, तबलजीनं बाईच्या तोंडाकडे बघायला नको का? हा तर लोकांकडेच बघतोय!"

मंडळी, बाजारातली प्रत्येक बाहुली गिऱ्हाईकाकडे बघत असते. तिचा जन्मच त्यासाठी. मैफलीत मात्र तसं नसतं. तबलजी गाणाऱ्याच्या उजव्या हाताला, पेटीवाला डाव्या हाताला, आणि दोघंही थोडे तिच्याकडे वळलेले. तिनं मान किंचित हलवली की तबलजीला कळतं, आता समेवर येणार. काकूंनी स्वतः बोटानं तबलजी वळवला, पेटीवाला वळवला, टाळकऱ्याला थोडा तिरका केला. तानपुरेवाल्यांना मात्र हात लावला नाही. म्हणाल्या, "यांच्या वाट्याला गाणाऱ्याची पाठच येते. मी लग्नाआधी आमच्या बाईंच्या मागे सहा वर्षं तानपुरा धरून बसले आहे. पाठ बघून कळायचं, आज गाणं लागणार की नाही ते." शेजारी राहून २५ वर्षं झाली, पण काकू तानपुऱ्यावर बसत असत हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा मला पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांची आठवण झाली. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. तरी १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि उत्तरायुष्यात आपल्या नाशिकला रामनाम आधार आश्रम उभा केला. साथीदारांचे चेहरे त्यांना स्पष्ट दिसत नसणार, पण गाणं जमायचं, कारण कान एकमेकांकडे वळलेले असतात. वळणं महत्त्वाचं, मग ते डोळ्यांनी असो की कानांनी.

आता श्रोते. वेगळ्या बाहुल्या विकत घ्यायला पैसे नव्हते. म्हणून मुलांनी किल्ल्यावरचे मावळे, गवळण आणि भाजीवाली खाली आणून बसवली. एकाचा हट्ट होता की नाशिक ढोल पाहिजेच. पहाटेच्या भैरवात ढोल कुठे बसवणार? शेवटी तडजोड झाली. चौकाच्या कोपऱ्यात हातगाडीपाशी तीन ढोलवाले उभे आहेत, टिपरू खाली ठेवून, गाणं ऐकत. माझ्या मते अख्ख्या देखाव्यात उत्तम श्रोते तेच.

दिव्यांचं काम सी विंगमधल्या भाऊंनी केलं. मागे निळी पट्टी, वरून समोरच्या बाजूनं तिरकी पिवळी पट्टी, दोन्ही १२ व्होल्टच्या. दिवा नेमका डोक्यावर ठेवला तर चेहऱ्यावर नाकाची सावली पडते, म्हणून तिरका. निळा हळूहळू मंद केला की पहाट होते.

हिशेब सांगितल्याशिवाय मला खाली बसवणार नाही. वर्गणी जमा १,५०० रुपये. खर्च : दिव्यांच्या पट्ट्या आणि अडॅप्टर ४८०, रंग आणि ब्रश ३१०, ढोलवाले आणि किल्ल्याची इतर चित्रं १८०, फेविकॉल १२०, गादी-लोडाचं कापड ९०, तार-सुतळी ६०. एकूण १,२४०. शिल्लक २६० खजिनदारांकडे जमा, पावती माझ्याकडे आहे. काचेची पेटी म्हणजे एका सभासदांचं जुनं टीव्हीचं शोकेस, ते भेट मिळालं.

जाता जाता एक विनंती. पुढच्या सर्वसाधारण सभेत छोटासा ठराव करावा. ही पेटी सभागृहातच राहावी, किल्ली दरवर्षी एका मुलाकडे आणि एका ज्येष्ठाकडे मिळून असावी, आणि दर दिवाळीत बाहुल्या बाहेर काढून, पुसून, पुन्हा मांडाव्यात. नुसत्या कुलपात ठेवल्या तर धूळ बसेल आणि कोण कुणाकडे बघत होतं ते विसरायला होईल. काकू नागपूरला गेल्यावर तबलजी किती वळवायचा हे सांगणारं कुणीतरी इथे हवं. म्हणून आज कार्यक्रम संपल्यावर मुलांनी काकूंजवळ बसावं आणि सगळ्या जागा त्यांच्याकडून वहीत लिहून घ्याव्यात. वही मी आणली आहे, पेनही आहे.

काकू, तुमची मैफल आम्ही मोडू देणार नाही. पुढच्या पाडव्याला नागपूरहून या. गायिकेची गादी झटकून ठेवतो.