बारा फोटोंचा कॅमेरा

दुपारची भांडी उरकून रेडिओ लावला असेल, तर आज जरा पाय पसरून बसा. हप्ता, व्याज, मीटिंगचं रजिस्टर यातलं काहीही आज नाही. गेल्या वर्षी मला एक नाद लागला, त्याबद्दल बोलणार आहे. रोलचा जुना कॅमेरा आणि घरच्या घरी रोल धुणं.

आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा कॅमेरा होता. आगफा क्लिक थ्री. बडोद्याला बनलेला, काळा डबा. मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली. कॅमेऱ्यात करायला फारसं काही नसतं. ऊन आणि ढग अशा खुणा असतात, त्यातली एक निवडायची. समोरच्याला दहा फुटांवर उभं करायचं, आपली कोपरं बरगड्यांना टेकवायची, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. एकशेवीस नंबरच्या रोलवर बारा चौकोनी फोटो येतात. बारा म्हणजे बाराच.

कॅमेऱ्याच्या पाठीवर एक लहानशी लाल काच असते. तिच्यातून रोलच्या कागदावरचा आकडा दिसतो. मी बघितलं तेव्हा तिथे सात होता. म्हणजे आत अर्धा रोल तसाच पडून होता, उटीच्या सरकारी कारखान्यातला ‘इंदू’ रोल. तो कारखाना आता बंद आहे.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “त्यात आमची थोरली हाय. नवा परकर शिवला व्हता, म्हणून काढला व्हता.” थोरली म्हणजे माझी नणंद. १९८८ साली तापानं गेली, नऊ वर्षांची होती. मामंजींनी त्यानंतर कॅमेरा हातात घेतला नाही. तिचा दुसरा फोटो घरात नाही.

एका स्टुडिओत विचारलं तर ते म्हणाले, असलं काम आम्ही आता करत नाही. मग मी ठरवलं की आपणच करू. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, धुण्याची टाकी आणि पावडरी मागवल्या. आणि इथे माझी चूक झाली, ती नीट सांगते. सिनेमात फोटोवाल्याची अंधारखोली दाखवतात, तिथे लाल बल्ब असतो. शिवाय कॅमेऱ्याची काचही लालच. मी धरून चालले की लाल उजेड फिल्मला चालतो. खिडक्यांना चादरी लावल्या, लाल बल्ब लावला आणि रोल सोडवून चकरीवर गुंडाळला. आत्या दाराबाहेर बसल्या होत्या.

धुऊन काढला तर रोल या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा. एकसुद्धा आकृती नाही.

तालुक्याच्या गावी एक जुने फोटोग्राफर काका आहेत. त्यांनी रोल उजेडाला धरला आणि म्हणाले, “लाल बल्ब कागदावर फोटो उतरवताना चालतो बाई. त्या कागदाला लाल रंग दिसत नाही. फिल्मला सगळे रंग दिसतात. काचेतून आत काही होत नाही, कारण फिल्मच्या मागं काळा कागद असतो.” एवढं एक वाक्य मला आधी माहीत हवं होतं. काका दोन गल्ल्या पलीकडेच राहतात माझ्या ऑफिसच्या.

आत्यांना सांगितलं. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “ते डबडं चालतं का अजून?” म्हटलं, चालतं. “मग माझा काढ. मी बी फक्त आधारकार्डावरच हाय.”

नवा रोल पुण्याहून मागवला, नऊशेच्या आसपास पडला. म्हणजे एक फोटो पंचाहत्तर रुपयांचा. गटात बोलले तेव्हा हशा झाला, मोबाइलवर फुकट निघतो की म्हणे. खरंच निघतो. पण बारा जणींची नावं काढायला बसलो तेव्हा वेगळंच झालं. कोणी म्हणालं मला शेळीसोबत पाहिजे, कोणी म्हणालं शिलाई मशीनवर बसून. एक जण लग्नातली पैठणी नेसून आली. मोबाइलसमोर अशी तयारी कोणी करत नाही. खटका दाबेपर्यंत सगळ्या गप्प. आणि मी एकदा रोल पुढे फिरवायला विसरले. त्या फोटोत आमच्या खजिनदारबाईंच्या डोक्यातून शेळीचे कान निघालेत! तोच फोटो सगळ्यांना हवा आहे.

आता धुण्याचं सांगते. फिल्म टाकीत भरायचं काम पूर्ण अंधारात. आम्ही अमावास्येच्या रात्री, दिवे बंद करून, वर दोन गोधड्या घेऊन केलं. आधी एक वाया गेलेला रोल उजेडात चकरीवर गुंडाळून हात बसवा, मगच अंधारात जा. टाकीचं झाकण लागलं की दिवा लावला तरी चालतो. मग पहिलं औषध, ज्यानं चित्र उमटतं. माझ्या रोलला २० अंशाला साडेआठ मिनिटं होती. आपल्याकडे वैशाखात २० अंश पाणी कुठलं? माठातलं पाणी घेतलं, टोपाभोवती बर्फ ठेवला आणि दूध डेअरीतून थर्मामीटर आणला. पाणी गरम असेल तर चित्र भराभर वाढतं आणि मिनिटं चुकतात. दर मिनिटाला टाकी हळू उलटीसुलटी करायची. नंतर पाण्यानं खळबळून हायपो, मग भरपूर पाण्यानं धुणं. शेवटच्या पाण्यात शाम्पूचा एक थेंब, म्हणजे डाग पडत नाहीत. आणि दोरीला चिमटा लावून वाळत घालायचं, कपड्यांसारखं. धूळ उडत नाही अशा खोलीत.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगते. यातलं एकही भांडं परत स्वयंपाकात आणायचं नाही. हातमोजे घाला. वापरलेला हायपो परसबागेत, विहिरीजवळ ओतू नका, त्यात चांदी उतरलेली असते. कॅनमध्ये साठवा. तो विकत घेऊन चांदी काढणारे लोक असतात.

आमच्या घरात कोणी म्हणालं, हे बायकांचं काम आहे का? होमाई व्यारावाला यांचं नाव सांगितलं. १९१३ साली नवसारीला जन्म, शिक्षण मुंबईत. देशातल्या पहिल्या बाई वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीचे त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जायचे. पुढे दिल्लीत साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन सायकलवरून फिरल्या. २०११ ला पद्मविभूषण मिळालं.

आत्यांचा फोटो पाचव्या नंबरचा. कागदावर उतरवला तेव्हा लाल बल्ब लावला होता, या वेळी बरोबर जागी. कागदावर निगेटिव्ह, वर काच, साधा दिवा दोन सेकंद, मग कागद औषधात. आधी पदराचा काठ आला, मग हात, मग चेहरा. आत्या ट्रेवर वाकून बघत होत्या. म्हणाल्या, “थोरलीचं नाक असंच व्हतं.” आणि थोड्या वेळानं, “वल्ला हाय, हात लावू नका कुणी.”

तो काळा रोल मी टाकलेला नाही. डब्यात आहे.

दुसरा रोल येत्या रविवारी रात्री गटाच्या खोलीत धुणार आहोत. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी जेवून आठपर्यंत या. येताना जाड गोधडी आणा, खोलीत दोनच आहेत. आणि मोबाइल बाहेर ठेवावे लागतील, त्याच्या उजेडानंसुद्धा रोल जातो.