यशाचें माप : अर्जेंटिना आणि उरुग्वे

दोन राष्ट्रांच्या खेळांतील यशाची तुलना करावयाची म्हटली म्हणजे प्रथम चषक मोजले जातात. कोणाच्या कपाटांत किती चषक आहेत हें कळलें कीं वाद मिटला, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु दक्षिण अमेरिकेंत शेजारीं शेजारीं वसलेलीं दोन राष्ट्रें अशीं आहेत, कीं त्यांच्या चषकांची बेरीज करून झाल्यावरच खरा वाद सुरू होतो. अर्जेंटिना व उरुग्वे हीं तीं राष्ट्रें होत. फुटबॉलच्या मैदानावरील त्यांची स्पर्धा सव्वाशे वर्षांच्या घरांत पोहोंचली आहे. आणि यश मोजावयाचें तें कोणत्या मापानें, हा प्रश्न तिच्या इतिहासांत पदोपदीं उभा राहतो.

या दोन देशांच्या मध्यें रिओ दे ला प्लाता, म्हणजे ‘रुपेरी नदी’, या नांवाचें समुद्रासारखें विशाल पात्र पसरलें आहे. त्याच्या एका तीरावर ब्युनॉस आयर्स, तर दुसऱ्या तीरावर मॉन्टेव्हिडिओ. या दोन राजधान्यांमधील अंतर सुमारें २०० किलोमीटर. दोहोंकडील लोकांची भाषा स्पॅनिश, नृत्य टँगो, आणि घरोघरीं प्यावयाचें पेय माते. ब्राझील व अर्जेंटिना यांच्यामधील युद्धानंतर १८२८ सालीं जो तह झाला, त्यांतून उरुग्वे हें स्वतंत्र राज्य म्हणून जन्मास आलें. दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मधोमध सांपडलेल्या या राष्ट्राला आपलें निराळें अस्तित्व जगास पटवून देणें भागच होतें. आज अर्जेंटिनाची लोकसंख्या साडेचार कोटींच्या वर आहे. उरुग्वेची ३५ लाखांच्या आसपास. २०११ च्या खानेसुमारींत एकट्या पुणें शहरांत ३१ लाख माणसें मोजलीं गेलीं होतीं, एवढें सांगितलें म्हणजे उरुग्वेच्या लहानपणाची कल्पना श्रोत्यांस सहज येईल.

या तीरांवर फुटबॉल आणला तो इंग्रजांनीं. त्यांच्या आगगाड्यांनीं, बंदरांनीं आणि विशेषतः त्यांच्या शाळांनीं. ब्युनॉस आयर्समध्यें अलेक्झांडर वॉटसन हटन नांवाच्या स्कॉटिश शिक्षकानें १८८४ सालीं एक इंग्रजी हायस्कूल काढलें आणि पुस्तकांच्या बरोबरीनें चेंडूलाही अभ्यासक्रमांत स्थान दिलें. १८९३ सालीं स्थापन झालेल्या संघटनेचा धुरीणही तोच. त्याच्या माजी विद्यार्थ्यांचा ‘अलुम्नी’ हा संघ पुढें कित्येक वर्षें तेथील अजिंक्य संघ म्हणून गाजला. पलीकडच्या तीरावर मॉन्टेव्हिडिओच्या इंग्रजी शाळेंत विल्यम लेस्ली पूल या शिक्षकानें हेंच कार्य केलें. दोन्ही देशांत ‘फुटबॉलचा जनक’ हा मान शाळामास्तराकडे जातो, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मॉन्टेव्हिडिओच्या रेल्वे कामगारांचा जो क्लब पुढें पेन्यारोल या नांवानें प्रसिद्धीस आला, त्याची स्थापना १८९१ सालची. त्याच वर्षीं इकडे मुंबईंत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली. बीज एकाच हातानें पेरलें गेलें. जमिनी मात्र निरनिराळ्या होत्या.

२० जुलै १९०२ रोजीं मॉन्टेव्हिडिओ येथें अर्जेंटिनानें उरुग्वेचा सहा गोलांनीं फडशा पाडला. उरुग्वेला एकही गोल करतां आला नाहीं. १९०५ पासून चहाचे प्रख्यात व्यापारी सर टॉमस लिप्टन यांनीं या दोन राष्ट्रांसाठीं एक चषक ठेविला. त्याची अट अशी, कीं संघांत त्या त्या देशांत जन्मलेलेच खेळाडू असावेत. त्यामुळें इंग्रजांच्या मुलांचा हा खेळ हळूहळू गोदींतील हमालांच्या व कारखान्यांतील मजुरांच्या मुलांकडे आला.

१९१६ सालीं अर्जेंटिनानें आपल्या स्वातंत्र्यघोषणेच्या शताब्दीनिमित्त दक्षिण अमेरिकेंतील राष्ट्रांची पहिली स्पर्धा भरविली. यजमानाच्या घरच्या या समारंभांत चषक उचलला तो उरुग्वेनें. त्यांच्या संघांत ग्रादिन व देलगादो हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते. चार गोलांनीं हरलेल्या चिलीनें तक्रार केली, कीं उरुग्वेनें आफ्रिकन खेळाडू आणले आहेत! ही तक्रार टिकली नाहीं. गुणास वर्ण नसतो, हें त्या छोट्या राष्ट्रानें इतरांच्या आधीं ओळखलें, आणि त्याचें फळही त्यास लौकरच मिळालें.

१९२४ सालीं वाटखर्चासाठीं स्पेनमध्यें सामने खेळत उरुग्वेचा संघ पॅरिसच्या ऑलिंपिकला पोहोंचला. युरोपांत त्यांचें नांवही कोणास ठाऊक नव्हतें. पहिल्याच सामन्यांत त्यांनीं युगोस्लाव्हियावर सात गोल केले, पुढें फ्रान्सवर पांच, आणि अंतिम सामन्यांत स्वित्झर्लंडला तीन गोलांनीं हरवून सुवर्णपदक मिळविलें. परत आलेल्या या विजेत्यांस अर्जेंटिनानें तत्काळ आव्हान दिलें. त्या सामन्यांत अर्जेंटिनाच्या ओन्सारीनें कोपऱ्यावरून मारलेला चेंडू कोणाचाही स्पर्श न होतां सरळ गोलांत गेला. ऑलिंपिक विजेत्यांवर झालेला म्हणून अशा गोलास आजही ‘ऑलिंपिक गोल’ म्हणतात. शेजाऱ्याच्या मत्सरानें फुटबॉलच्या शब्दकोशांत एक शब्द वाढविला तो असा.

१९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकचें स्मरण भारतीयांस हॉकीच्या पहिल्या सुवर्णपदकामुळें आहे. त्याच ऑलिंपिकमधील फुटबॉलचा अंतिम सामना या दोन शेजाऱ्यांमध्यें झाला. पहिल्या दिवशीं बरोबरी झाली. तीन दिवसांनीं पुन्हां खेळून उरुग्वेनें तो २–१ असा जिंकला. दोन वर्षांनीं, ३० जुलै १९३० रोजीं, पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत मॉन्टेव्हिडिओ येथें तेच दोन संघ समोरासमोर उभे राहिले. क्रीडांगण उरुग्वेच्या राज्यघटनेच्या शताब्दीसाठीं बांधलेलें. नदीवरून बोटी भरभरून अर्जेंटिनाचे लोक निघाले. धुक्यामुळें कांहींजण वेळेवर पोहोंचलेच नाहींत. कोणाच्या चेंडूनें खेळावयाचें यावरही तंटा झाला, तेव्हां पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या आणि उत्तरार्ध उरुग्वेच्या चेंडूनें खेळला गेला. मध्यंतरास अर्जेंटिना २–१ असा पुढें होता. उत्तरार्धांत उरुग्वेनें तीन गोल करून सामना ४–२ असा फिरविला. शेवटचा गोल करणारा एक्तोर कास्त्रो याचा हात लहानपणींच अपघातांत कोपराखालीं तुटलेला होता. दुसऱ्या दिवशीं उरुग्वेंत राष्ट्रीय सुटी जाहीर झाली. ब्युनॉस आयर्समध्यें मात्र उरुग्वेच्या वकिलातीवर दगड पडले, आणि दोन्ही देशांच्या फुटबॉल संघटनांचे संबंध तुटले.

पुढें १९५० सालीं ब्राझीलमध्यें उरुग्वेनें याहूनही मोठा पराक्रम केला. निर्णायक सामन्यांत ब्राझीलला केवळ बरोबरी पुरेशी होती. दोन लाखांच्या घरांतील प्रेक्षकांसमोर ब्राझीलनें पहिला गोल केला, तेव्हां उरुग्वेचा कप्तान ओब्दुलिओ वारेला यानें चेंडू कांखेंत मारून पंचांशीं वाद घालीत मुद्दाम वेळ काढला, आणि गर्जना शांत झाल्यावर खेळ पुढें सुरू केला. अखेरीस उरुग्वे २–१ नें विजयी झाला. मूर्ति लहान पण कीर्ति महान, ही म्हण सार्थ करणारें याहून चांगलें उदाहरण खेळांच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल.

अर्जेंटिनाचें विश्वचषकांतील भाग्य उशिरां उजाडलें. १९४१ ते १९४७ या काळांत त्यानें दक्षिण अमेरिकेचें विजेतेपद चार वेळां मिळविलें. पण १९३८, १९५० व १९५४ या विश्वचषकांत तो संघ उतरलाच नाहीं. १९५८ सालीं उतरला तेव्हां चेकोस्लोव्हाकियाकडून १–६ असा मार खाऊन परतला. पहिला विश्वचषक त्यास १९७८ सालीं घरच्या मैदानावर, हॉलंडला ३–१ असें हरवून मिळाला. त्या वेळीं देशांत लष्करी हुकूमशाही होती. ज्या क्रीडांगणांत विजयाचा जल्लोष झाला, त्यापासून थोड्याच अंतरावर विरोधकांना डांबून त्यांचा छळ करण्याचें ठिकाण होतें. खेळाडूंचा पराक्रम यामुळें खोटा ठरत नाहीं. परंतु त्या चषकावर राज्यकर्त्यांनीं आपला शिक्का उमटविण्याचा प्रयत्न केला, हेंही विसरतां येत नाहीं. १९८६ सालीं मेक्सिकोंत मॅराडोनाच्या नेतृत्वाखालीं आणि २०२२ सालीं कतारमध्यें मेस्सीच्या नेतृत्वाखालीं मिळालेले चषक अशा छायेपासून मुक्त आहेत. १९८६ च्या स्पर्धेंत बाद फेरींत उरुग्वेला १–० नें हरवून अर्जेंटिनानें छपन्न वर्षांपूर्वींच्या पराभवाची थोडीबहुत फेड केली.

आतां हिशेब मांडावा. २०२२ पर्यंतचे विश्वचषक : अर्जेंटिना ३, उरुग्वे २. अंतिम सामन्यांतील पराभव : अर्जेंटिना ३, उरुग्वे एकही नाहीं. २०२४ पर्यंतचीं दक्षिण अमेरिकेचीं विजेतेपदें : अर्जेंटिना १६, उरुग्वे १५. ऑलिंपिक सुवर्णपदकें प्रत्येकी दोन. मात्र अर्जेंटिनाचीं २००४ व २००८ सालचीं पदकें मुख्यतः तेवीस वर्षांखालील खेळाडूंच्या संघानें मिळविलेलीं आहेत, तर उरुग्वेचीं दोन्ही विश्वचषक अस्तित्वांत येण्यापूर्वींचीं, म्हणजे त्या काळीं जगांत सर्वश्रेष्ठ ठरविणारीं. याच आधारावर उरुग्वेचे लोक आपल्या संघाच्या सदऱ्यावर चार तारे लावितात. परस्परांतील सामन्यांत मात्र अर्जेंटिनाचे विजय पुष्कळच अधिक आहेत.

या हिशेबावर अर्जेंटिनाच्या बाजूनें एक आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे. १९३० सालीं अवघे तेरा संघ होते आणि युरोपांतून चारच आले होते. १९५० नंतर उरुग्वे एकदांही विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला नाहीं. म्हणजे त्याचें वैभव पूर्वजांचें आहे. उरुग्वेचें उत्तरही तितकेंच रास्त आहे. १९२४ सालीं पॅरिसला बावीस संघ होते आणि त्यांत युरोपचे पुष्कळ होते. शिवाय जग लहान होतें तेव्हां जे पुढें गेले, त्यांनीं जगाची वाट पाहावयास हवी होती काय? आणि वैभव केवळ पूर्वजांचें म्हणावें, तर १९८७ व २०११ सालीं अर्जेंटिनाच्याच भूमीवर, अर्जेंटिनालाच वाटेंत हरवून उरुग्वेनें दक्षिण अमेरिकेचें विजेतेपद मिळविलें, त्याचें काय?

इतक्या थोड्या माणसांतून इतके खेळाडू निर्माण होण्याचें रहस्य काय? उरुग्वेंत १८७७ च्या कायद्यानें प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत झालें. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील सरकारनें शारीरिक शिक्षणाची सोय गांवोगांव पोहोंचविली. तेथें लहान मुलांच्या फुटबॉलचे संघ आजही वस्तीवस्तींत आहेत. २००६ ते २०२१ पर्यंत राष्ट्रीय संघाचे मार्गदर्शक असलेले ऑस्कर ताबारेझ हे पूर्वीं प्राथमिक शाळेंत शिक्षक होते, आणि लोक त्यांना ‘मास्तर’ याच नांवानें ओळखतात. त्यांनीं वरिष्ठ संघापुरतें लक्ष न घालतां कुमारांच्या संघांपासून एकच शिस्त लावली. २०१० सालीं जगांत चौथा क्रमांक व २०११ सालचें विजेतेपद हीं त्याचीं फळें.

तथापि या दोन राष्ट्रांचें यश एकमेकांपासून वेगळें काढून तोलणें हीच मुळांत चूक आहे. १९०२ चा सहा गोलांचा पराभव नसता, तर उरुग्वेला इतकी ईर्ष्या आली नसती. आणि १९२८ व १९३० चे पराभव नसते, तर अर्जेंटिनाची भूक इतकी टिकली नसती. सहाणेवांचून चंदनाचा गंध सुटत नाहीं. २०२३ सालीं उरुग्वेनें आपल्या संघाची धुरा मार्सेलो बिएल्सा या अर्जेंटिनाच्याच मार्गदर्शकाकडे सोंपविली, आणि त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत त्याच्या संघानें ब्युनॉस आयर्समध्यें जाऊन जगज्जेत्या अर्जेंटिनाला २–० असें हरविलें. १९३० सालीं ज्या दोन देशांत चेंडूवरून तंटा झाला, त्यांच्यांत आतां गुरूचीही देवघेव होते.

निर्णय द्यावयाचाच तर तो असा द्यावा लागेल. गेल्या सत्तर वर्षांचा विचार करतां अर्जेंटिना निःसंशय श्रेष्ठ आहे, आणि एकूण बेरजेंतही तो थोडा पुढें आहे. परंतु साधनांच्या मानानें सिद्धि मोजली, तर उरुग्वेच्या तोडीचें दुसरें राष्ट्र जगांत नाहीं. मोठ्या घरांतील मुलानें पहिला क्रमांक मिळविला तर त्याचें कौतुक व्हावेंच. पण पाटीपेन्सिलीवांचून अडलेल्या शेजारच्या मुलानें त्याच्या खालोखाल गुण मिळविले, तर गुणपत्रिका वाचतांना दोन आंकड्यांमधील अंतर कोणत्या दृष्टीनें पाहावयाचें, हें सुज्ञांस सांगावयास नको.