माल विकायला गेलो होतो, मान नाही

कुणी कामं आवरून निवांत बसला असाल, कुणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल. आज मी बचतीचा हिशोब सांगणार नाही आणि कर्जाच्या हप्त्याची आठवणही करून देणार नाही. आज बोलायचंय ते शहरातल्या मोठमोठ्या सोसायट्यांमध्ये आपल्याला मिळणाऱ्या वागणुकीबद्दल. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथं माल विकायला जातात. कुणाची बहीण, कुणाची जाऊ तिथं घरकामाला आहे. गावाकडं आल्यावर किती पैसे मिळाले ते आपण सांगतो, पण काय काय ऐकून घेतलं ते सांगत नाही. ते पदराला गाठ मारून ठेवतो.

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या दोन गटांना पुण्यातल्या एका मोठ्या सोसायटीत एक दिवसाचा स्टॉल मिळाला. आम्ही सहा जणी पहाटेच्या एसटीनं निघालो. कुरडया, सांडगे, शेंगदाण्याची चटणी, नाचणीचे पापड, सगळं पॅकिंग करून, लेबल लावून नेलं होतं. गेटवर वॉचमनदादानं वहीत नावं लिहिली, फोटो काढले. ते त्याचं काम, त्याबद्दल तक्रार नाही. पण स्टॉल वरच्या मजल्यावर होता आणि आम्ही लिफ्टपाशी गेलो, तर तो म्हणाला, "ही नाही मावशी, मागची." मागची लिफ्ट म्हणजे सामानाची आणि कचऱ्याच्या डब्यांची. समोरच्या लिफ्टमधून एक बाई कुत्र्याला घेऊन वर गेल्या. आम्ही सहा जणी, धुतलेल्या साड्या नेसलेल्या, खाण्याचा माल घेऊन, कचऱ्याच्या डब्याशेजारी उभ्या राहून वर गेलो.

दुपारी बारा वाजता आमच्यातल्या एकीनं बाथरूम कुठंय म्हणून विचारलं. कमिटीतल्या एक बाई म्हणाल्या, "इथलं मेंबर लोकांसाठी आहे. बाहेर मेन रोडला पेट्रोल पंप आहे, तिकडं जाऊन या." आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. हसूनच सांगितलं. पेट्रोल पंप जवळ नव्हता. मग काय केलं असेल आम्ही? तेच, जे बाया नेहमी करतात. पाणी प्यायचं बंद केलं. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. आमच्यातल्या एकीची पाळी सुरू होती. ती दोनदा त्या पंपावर चालत जाऊन आली.

आता आक्कांचं सांगते. आमच्या आक्का साठीच्या पुढच्या. आमच्या गटात त्यांच्यासारखी कुरडई कुणाला जमत नाही. कुरडई काय चीज आहे ते तुम्हाला सांगायला नको. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटून, गाळून चीक काढायचा, तो रात्रभर निवू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं. दुसऱ्या दिवशी मोठ्या पातेल्यात चीक शिजवायचा, एक क्षण हात थांबला की गुठळी. मग सोऱ्यातून गरम गरम घालायच्या, भर उन्हात वाळवायच्या, वर आभाळाकडं लक्ष ठेवायचं.

तर आक्कांच्या पुढ्यात एक बाई आल्या, वयानं त्यांच्या लेकीएवढ्या. "ए, हे कितीला दिलंस?" आक्का म्हणाल्या, "पाव किलो ९० रुपये." त्या बाईंनी नमुन्याच्या ताटलीतली कुरडई उचलली, मोडून बघितली आणि तुकडे तिथंच टाकले. "गहू तर तुमचा घरचाच असतो. ५० ला दे." आक्का कधी कुणाला उलट बोलल्या नाहीत. त्यांनी ६० ला पाकीट दिलं. बाईंनी शेजारच्या स्टॉलवर दीडशे रुपयांचा केकचा तुकडा किंमत न विचारता घेतला आणि गेल्या.

संध्याकाळी हिशोब केला. विक्री ११ हजारांच्या वर झाली होती. आम्ही खूश व्हायला हवं होतं. पण एसटीत आक्का खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. उतरताना म्हणाल्या, "ताई, पुढच्या खेपेला माझं नाव घालू नका."

मैत्रिणींनो, एक गोष्ट कबूल करते. "ए" म्हणून हाक मारली तेव्हा मी चार पावलांवर उभी होते. बाथरूमचं उत्तर माझ्यासमोरच दिलं गेलं. मी या गटांची सहयोगिनी, बी. ए. झालेली, मीटिंगमध्ये हक्कावर भाषण करणारी. मी काय केलं? हसले. पुढच्या महिन्यातही स्टॉल मिळावा म्हणून हसले. मला खुर्ची दिली होती त्यांनी, चहाही दिला होता. त्या चहाची किंमत माझ्या बायांनी भरली.

शहरातले सगळेच असे असतात, असं मी म्हणणार नाही. त्याच सोसायटीतले एक आजोबा घरून पाण्याच्या बाटल्या घेऊन आले होते. एका तरुण मुलीनं "तुम्ही जेवलात का?" असं विचारलं. मग इतर माणसं तशी का वागतात? मला वाटतं, ती मुळातून वाईट नसतात. तिथं मोठी भिंत असते, गेट असतं. आत येणारा प्रत्येक परका माणूस काहीतरी देऊन जाणारा असतो. कुणी दूध देतं, कुणी पार्सल देतं, कुणी भांडी घासून जातं. काम दिसतं, माणूस दिसत नाही. आणि पैसे दिले की सगळं फिटलं, असं मनात पक्कं बसतं. पैसे मालाचे असतात. "ए" म्हणायचा हक्क त्या पैशात येत नाही, हे सांगणारं त्यांना कुणी भेटलेलं नसतं.

कधी कधी तर मूळ आणखी जुनं असतं. स्टॉलवर एका आजींनी चटणी हातात घेतली आणि विचारलं, "आडनाव काय गं तुझं?" ते आडनाव कशासाठी विचारतात, हे आपल्याला गावाकडंही कळतं आणि पुण्यातही कळतं. चटणीला आडनाव नसतं. आणि हेही लक्षात ठेवा, की अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा चारचौघांत जातीवरून अपमान करणं हा १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यानं गुन्हा आहे.

पुढच्या मासिक बैठकीत मी हा विषय काढला. आधी सगळ्या गप्प. मग एकीनं सुरुवात केली आणि तासभर थांबलंच नाही. एक म्हणाली, "गिऱ्हाईक आहे, ऐकून घ्यावं लागतं. पोरांची फी त्यातूनच भरतोय ना?" दुसरी म्हणाली, "मी असते तर तोंडावर सुनावलं असतं." दोघींचंही खोटं नव्हतं. पण ऐकून घेऊन आक्का हातातून जात होत्या आणि सुनावून स्टॉल गेला असता. तिसरी वाट शोधायला हवी होती.

त्या दिवशी मी त्यांना पुण्याचीच गोष्ट सांगितली. १९८० साली पुण्यात घरकाम करणाऱ्या बायांनी संप केला होता. शिकलेल्या नव्हत्या, बँकेत खातं नव्हतं. एकेका घरात एकटी काम करणारी बाई, तिनं एकटीनं मागितलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरी आली असती. पण त्या एकत्र आल्या, पगारवाढ आणि सुट्टी मागितली, त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. पुढं १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्या बायांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना केली. ज्यांना लोक चोर म्हणून हाकलायचे, त्यांच्या गळ्यात महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं आली. पुढं त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये दारोदार कचरा गोळा करण्यासाठी पुणे महापालिकेनं तिच्याशी करार केला. त्यांनी कुणाला चांगलं वागा म्हणून विनवण्या केल्या नाहीत. आधी एकी केली, मग नियम ठरवले. मान त्याच्या मागून आला.

आम्हीही मग चार गोष्टी ठरवल्या. पहिली, स्टॉल घेण्याआधी सोसायटीला लेखी विचारायचं. बाथरूम, पिण्याचं पाणी, सावली आणि साधी लिफ्ट मिळणार का? नाही म्हणाले तर जायचं नाही. दुसरी, भाव गटानं ठरवायचा, पाटीवर लिहायचा, आणि एकटीनं कुणी कमी करायचा नाही. तिसरी, कुणी अपमान केला तर जिचा झाला तिनं उत्तर द्यायचं नाही, शेजारची बोलेल. स्वतःसाठी बोलताना आवाज कापतो, दुसरीसाठी बोलताना कापत नाही. चौथी गोष्ट माझ्यासाठी होती. सहयोगिनीनं खुर्चीवर बसायचं नाही, स्टॉलवर उभं राहायचं.

दोन सोसायट्यांना पत्रं पाठवली. एकीचं उत्तरच आलं नाही. दुसरीच्या सेक्रेटरींनी फोन केला. म्हणाले, "हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. किल्ली देतो." आक्कांना मीच घरी जाऊन तयार केलं. तिथंही एक बाई आल्याच, "ए, हे कसं दिलंस?" आमच्यातली एक शांतपणे म्हणाली, "बाई, त्या आमच्या आक्का आहेत. आक्का म्हणून विचारा, त्या सगळं सांगतील." बाई ओशाळल्या. "सॉरी आक्का" म्हणाल्या आणि कुरडई तळायची कशी ते विचारत बराच वेळ उभ्या राहिल्या. दुसऱ्या एका बाईंनी मात्र भाव कमी होत नाही म्हटल्यावर पाकीट आपटलं आणि निघून गेल्या. ९० रुपये गेले. बाकी काही गेलं नाही.

ज्यांची लेक, जाऊ, नणंद शहरात घरकाम करते त्यांना एक निरोप द्या. आपल्या राज्यात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. १८ ते ६० वर्षे वयाच्या घरकामगार बाईला त्या मंडळात नाव नोंदवता येतं. नोंदणी करा म्हणावं. कागदावर नाव असलं की पाठीला आधार असतो.

आता शेवटचं, आणि हे थोडं झोंबेल. बैठक संपताना आक्काच म्हणाल्या, "ताई, ऊसतोडीच्या बाया हापशावर आल्या की आपण काय म्हणतो?" सगळ्या गप्प झाल्या. कारण आपण "ए, सरक बाजूला" असंच म्हणतो. कोपीवरची बाई दुकानात आली तर तिला शेवटी माल मिळतो. तिला चहा द्यायचा झाला तर कप कुठला काढतो, ते आपलं आपल्याला ठाऊक. शहरातल्या बाईला आपण दिसलो नाही, तशी आपल्याला ती दिसत नाही. तिला रात्री-अपरात्री बाथरूमला कुठं जावं लागतं, हे मी आजवर एकदाही विचारलेलं नाही. पेट्रोल पंपाची चीड मात्र मला अजून येते.

म्हणून आमच्या गटानं पाचवी गोष्ट आक्कांच्या सांगण्यावरून ठरवली. यंदा तोडीच्या बाया आल्या की त्यांना नावानं किंवा ताई म्हणून हाक मारायची आणि हापशावर नंबर असेल तसं पाणी भरू द्यायचं.

तुमच्या पुढच्या बैठकीत दोन प्रश्न घ्या. आपल्याला कुठं, कुणी, कसं वागवलं? आणि आपण कुणाला तसंच वागवतो? पहिल्या प्रश्नाला सगळ्या बोलतील. दुसऱ्याला थोडा वेळ द्या.