जगाच्या तक्त्यातली माझी सातवी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाकरी मोजाव्यात, दुधाचा हिशेब ठेवावा, एवढेच माझे गणित. ‘देशाची प्रगती कशी मोजतात’ यावर बोला, असे सांगितल्यावर मी घाबरलेच. मग बारावी झालेल्या लेकीला समोर बसविले.

तिने सांगितले ते असे. पूर्वी देशाचे उत्पन्न पाहूनच प्रगती ठरवीत. पण घरात पैसा आला म्हणजे मुली शिकल्या, माणसे निरोगी राहिली, असे थोडेच आहे? म्हणून पाकिस्तानचे अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने नवा तक्ता काढला. त्यात आयुष्य, शिक्षण आणि उत्पन्न अशा तीन गोष्टी पाहतात. २०२५ च्या अहवालात १९३ देशांत भारताचा क्रमांक १३० वा लागला.

शिक्षणाचे आकडे दोन. पंचवीस वर्षांवरील माणसे सरासरी किती वर्षे शिकली, हा पहिला, तो ६.९. आज शाळेत पाऊल टाकणारे मूल किती वर्षे शिकेल अशी अपेक्षा, हा दुसरा, तो १३. पहिला ऐकून मी चमकले. म्हणजे जवळजवळ मीच की!

पण सरासरी पुष्कळ झाकून ठेवते. हायस्कूल शेजारच्या गावी होते. भावाला सायकल मिळाली, मला चूल. तो डी.एड. होऊन मास्तर झाला, म्हणजे चौदा वर्षे शिकला. मी सात. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. तरी पुढे कितीतरी वर्षांनी जन्मलेल्या माझ्या आईच्या हाती पाटी आली नाही. तिचे शून्य. तिघांची सरासरी काढा, बरोबर सात येते. त्या सातात माझी आई कुणाला दिसेल का?

याच उन्हाळ्यात लेकीला स्थळ आले. घरचे सगळे तयार. मी म्हटले, “तक्त्यात तेरा आहेत, हिची बाराच झाली.” सगळे हसले, पण मी हटले नाही. आज ती कॉलेजात जाते.

भगिनींनो, जगाचा तक्ता आपल्या गल्लीत डोकावत नाही. ते काम आपले. मंडळाने एक वही करावी. कोणती मुलगी कितवीतून घरी बसली आणि का, ते लिहावे. आपल्या वहीत सरासरी नको, नावे हवीत.