काशीच्या मराठी स्वयंपाकघरातील मुले
(पालक-मेळाव्यातील व्याख्यान)



काशीत विश्वनाथाच्या मंदिराजवळच अन्नपूर्णेचे देऊळ आहे. ते पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १७२९ साली बांधविले. देवीच्या हाती पळी, आणि समोर भिक्षा मागणारा साक्षात शंकर. जेथे देव स्वयंपाकघराच्या दारी उभा राहतो, त्याच नगरीतील जुन्या मराठी घरांत मुलांना मात्र त्या दाराशी थांबविले जाई. दुर्गाघाट, ब्रह्मघाट, पंचगंगा या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या वैदिक घराण्यांत सोवळे कडक. मूल शिवले की सगळे ओवळे. आज सोवळे बहुतेक सुटले आहे, तरी मूल उंबऱ्याबाहेरच आहे. आता त्याला अडविते ती घाई आणि सांडलवंडीची धास्ती.

यात जाते काय? काशीतल्या मराठी मुलाला रस्त्यावर, शाळेत, खेळात हिंदीच भेटते. मूळच्या पैठणच्या घराण्यातील गागाभट्टांनी काशीहून येऊन १६७४ साली रायगडी राज्याभिषेक केला, याचा अभिमान घरोघरी असतो. पण अभिमानाने भाषा टिकत नाही. निवडणे, निथळणे, कुस्करणे, परतणे, दडपणे ही क्रियापदे हात ओले झाल्यावाचून जिभेवर बसत नाहीत.

१९२६ साली गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. त्यांनी ज्या मॉन्टेसरी पद्धतीचा पुरस्कार केला, तीत ओतणे, निवडणे, पुसणे हा अभ्यासाचाच भाग आहे. घरी त्यासाठी निराळे साहित्य लागत नाही.

हिवाळ्यात बनारसच्या बाजारात मटारचे ढीग लागतात. तीन वर्षांच्या मुलापुढे परातभर शेंगा ठेवाव्यात. (दाणे नाकात जात नाहीत ना, यावर लक्ष असावे!) या दाण्यांचा तेथे चूडा-मटर होतो: भिजविलेले पोहे, साजूक तुपात जिरे, आले, हिरवी मिरची, वर लिंबू. हळद नाही, कांदा नाही. मराठी आजी याला पोहे म्हणावयास तयार नसते आणि शेजारीण कांदेपोह्यांना चूडा म्हणत नाही. हा वाद नातवंडाने मध्ये बसून ऐकावा. एकाच धान्याची दोन घरे त्याला तेथेच उमगतात.

अगदी लहानांसाठी मात्र दडपे पोहे उत्तम, कारण विस्तवाशी काम फोडणीपुरतेच, आणि ती मोठ्यांनीच करावी. चौघांना चार वाट्या पातळ पोहे मुलाने निवडावेत. देवळातून आलेला प्रसादाचा नारळ मोठ्यांनी फोडून खवावा. नारळाचे पाणी पोह्यांवर शिंपडणे हे मुलाचे काम. थोडे अधिक पडले तर पोहे गिच्च होतात, तेव्हा रागावू नये; पुढच्या खेपेस त्याचा हात आपोआप आवरतो. खोबरे, मीठ, चिमूटभर साखर, बारीक चिरलेला कांदा व लिंबाचा रस घालून त्याने ते दोन्ही हातांनी कालवावेत. वर फोडणी ओतून, ती जरा निवल्यावर ताटली झाकावी आणि त्यावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवावा, म्हणजे पोहे दडपतात. पंधरा मिनिटांत मूल दहा वेळा विचारते, ‘झाले का?’ ताटली त्यालाच उचलू द्यावी, आणि पहिली वाढणीही त्याच्याच हातून व्हावी.