स्वागताध्यक्षीय भाषण : रोमन रडण्याविषयी थोडेसे



लॅटिनमधल्या अश्रूंवर भरलेल्या या परिषदेत आपणा सर्वांचं मनापासून स्वागत. मी पेशानं डोळ्यांचा डॉक्टर. अश्रुग्रंथीला ‘लॅक्रिमल ग्लँड’ म्हणतात ते ‘लाक्रिमा’ म्हणजे अश्रू यावरून, एवढीच माझी लॅटिनची पुंजी. तरी संयोजकांनी मला या जागी बसवलं.

त्या निमित्तानं थोडं वाचलं. रोमन माणसाचं रडणं एकाच शब्दात मावत नसे. अश्रू ढाळणं ते ‘फ्लेरे’, मोठ्यानं रडणं ‘प्लोरारे’, ऊर बडवून आकांत करणं ‘प्लांगेरे’. तान्ह्या बाळासाठी वेगळं ‘वागिरे’. पैसे घेऊन मयताला रडणारी बाई असे, तिला ‘प्राएफिका’ म्हणत.

मी अडकलो तो मात्र ‘लेस्सुम’पाशी. ख्रिस्तपूर्व 450 च्या सुमारास रोममध्ये झालेल्या बारा फलकांच्या कायद्यानं बायकांना अंत्यविधीत गाल ओरबाडायला आणि ‘लेस्सुम’ करायला मनाई केली. आता हे ‘लेस्सुम’ म्हणजे काय? रोमन वक्ता सिसेरो आपल्या कायद्यांवरच्या ग्रंथात लिहितो की जुन्या भाष्यकारांनाच ते नीट उमगलं नव्हतं. त्यांना वाटलं, सुतकात नेसायचं एखादं वस्त्र असेल. लुकिउस ऐलिउस हा रोमन पंडित मात्र म्हणाला, हा शोकाचा आक्रोश; शब्दाच्या उच्चारातच तो ऐकू येतो. सिसेरोनं ऐलिउसचीच बाजू घेतली, कारण अथेन्समध्ये कायदेकर्त्या सोलोननंही त्याच गोष्टीला बंदी घातली होती. म्हणजे बघा, रोममध्ये मनाई लक्षात राहिली आणि मनाई कशाला होती तेच लोक विसरले! कायदे करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं असं हे प्रकरण आहे.

याच सिसेरोनं तरुणपणी वक्तृत्वावर लिहिताना अपोल्लोनिउस नावाच्या शिक्षकाचा एक सल्ला नोंदवला आहे. अश्रूइतकं झटपट दुसरं काही वाळत नाही, तेव्हा श्रोते हेलावले की वक्त्यानं तिथं रेंगाळू नये. स्वागताध्यक्षानं तर मुळीच नाही.

निबंधवाचकांना एकच विनंती. शब्दाचा कोशातला अर्थ आम्ही घरी पाहू. तो शब्द कुणाच्या रडण्याला लावत, घरात की चव्हाट्यावर, आणि ऐकणाऱ्याला ते रडणं खरं वाटे की उसनं, हे आम्हाला इथं सांगा. आणि कृपा करून दिलेली वेळ पाळा.